सुरंगीची मोटर आणि कुंदा

वेळेच्या बाबतीत मी खाष्ट आहे, हे आधीच सांगून टाकते. गाडी सुटायच्या तासभर आधी फलाटावर जाऊन बसणारी बाई मी. अशा बाईच्या शेजारच्या खोलीत देवाने कुंदा राऊत आणून ठेवली, तेव्हा देवालाही थट्टा सुचते याची मला खात्री पटली.

आमच्या ह्यांची बदली सिल्वासाला कचेरीत झाली होती. पोर्तुगीज जाऊन काही वर्षं लोटली होती आणि मुंबईकडून, कोकणातून कारकून, मास्तर, मास्तरणी अशी सगळी फौज तिकडे यायला लागली होती. आम्ही जीवकोरबेनच्या घरात भाड्याने राहायचो. दोन बिऱ्हाडांना एकच ओटी आणि एकच मोरी. दुसऱ्या बिऱ्हाडात कुंदा आली. सामरवरणीच्या मराठी शाळेत तिला मास्तरणीची नोकरी लागली होती. वीस वर्षांची पोर, केळव्याची. दुपारच्या मोटारीने येणार होती, पोचली संध्याकाळी. ट्रंकेला दोरी बांधलेली, एका पायात एक चप्पल आणि दुसऱ्या पायात निराळीच.

“वापीला उतरताना गर्दीत बदलली बहुतेक,” ती पायाकडे बघून म्हणाली. “म्हणजे माझी एक चप्पल घालून कुणीतरी घरी गेलं असेल. गंमतच ना, वहिनी?”

मला त्यात काही गंमत दिसली नाही. पण तिला हसताना बघून मीही हसले, आणि पुढे हे असंच होत राहिलं.

“आलेच!” हा तिचा शब्द. सकाळी मोटारीची वेळ झाली की मी ओटीवरून हाका मारायची आणि मोरीतून आवाज यायचा, “आलेच!” त्यानंतर ती वेणी घालत बाहेर यायची, परत आत जायची, डबा विसरलेला असायचा, मग तुळशीला पाणी घालायचं राहिलेलं असायचं. एवढं झाल्यावर शेजारची म्हैस दिसली की तिच्या कपाळावर हात फिरवायलाही तिला वेळ असायचा. तिचा उशीर आळशीपणाचा नव्हता. आळशी माणसाचा राग तरी धड करता येतो. तिला वाटेत जे जे भेटेल त्याच्यापाशी थांबावंसं वाटायचं, एवढंच. शाळेत पोरांच्या सदऱ्यांना गुंड्या लावत बसायची. मुलींच्या केसांतल्या उवा काढायची. हेडमास्तर म्हणायचे, “राऊतबाई, तुम्हाला सरकारने शिकवायला नेमलंय.” त्यावर ही म्हणायची, “डोकं खाजत असलं तर त्यात पाढा कसा शिरेल, सर?”

जीवकोरबेन पक्की वैष्णव. घरात कांदासुद्धा चोरून यायचा. कुंदाने घरून येताना बोंबलाचं गाठोडं आणलेलं. एका रविवारी खिडकी लावून, दाराला पोतं लावून तिने ते भाजायला घेतले. वास काय दाराला ऐकतो? म्हातारी दारात उभी.

“कुंदाबेन, शूं बळे छे?”

“काही नाही, माजी. गोवरी ओली आहे.”

“गोवरीमां मच्छी क्यांथी आवी?”

मी ओटीवरून ऐकत होते. आता खोली खाली करावी लागणार. पण कुंदाने काय करावं? तव्यावरचा बोंबील तसाच ठेवून ती म्हातारीच्या समोर येऊन उभी राहिली आणि रडायलाच लागली. “आईची आठवण आली, माजी. घरी रविवारी आई हेच करते.” नाटक नव्हतं ते, खरंच रडत होती. जीवकोरबेन पदराने नाक दाबूनच म्हणाली, “रविवारे हूं दर्शने जाऊं, त्यारे जे बाळवुं होय ते बाळी लेजे.” म्हणजे मी देवळात गेले की काय जाळायचं ते जाळून घे. पुढे रविवारी तिचं दर्शन लांबत गेलं. कुंदाचं जेवण आटपल्याची खात्री करूनच म्हातारी घरी यायची.

तर अशी ही कुंदा. आणि सुरंगीची मोटर.

ती मोटर सकाळी सिल्वासाहून सुटायची, सामरवरणी, खडोली करत आत सुरंगीपर्यंत जायची. संध्याकाळी त्याच वाटेने परत यायची आणि सिल्वासाला थांबून पुढे वापीला स्टेशनवर जायची. आतल्या गावांना बाहेरच्या जगाशी जोडणारं तेवढं एकच चाक. ड्रायव्हर अँतोनभाई, दमणचा, पिकल्या मिशांचा, बोलायला कंजूष. कंडक्टर भास्कर. तो खान्देशातला, शहाद्याकडचा. चोवीस-पंचवीसचा असेल. उंच, काळासावळा, खाकी सदऱ्याची घडी मोडलेली मी कधी पाहिली नाही. वेळेचा असा पक्का की बाजारातले लोक त्याच्या मोटारीवर घड्याळं लावायचे. मला तो फार आवडायचा, हे सांगायला नकोच.

कुंदा नोकरीवर रुजू झाली त्याच आठवड्यात त्याने तिला मागे टाकलं. संध्याकाळी ती शाळेतून धावत येत होती, पदर एका हातात, डबा दुसऱ्या हातात, आणि मोटर निघून गेली. बाई सामरवरणीहून घरापर्यंत चालत आली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला स्टँडवर पोचवायला गेले होते, म्हणून पुढचं मी स्वतः ऐकलं.

“काल दोन मिनिटं थांबला असतात तर मोटारीच्या पोटात दुखलं असतं का?”

“बाई, मोटर वेळेवर चालते. तुम्ही बी चाला.”

“चालले ना! सामरवरणीपासून सिल्वासापर्यंत चालले!”

सगळी मोटर हसली. अँतोनभाईच्या मिशासुद्धा हलल्या. भास्करचे कान लाल झाले. आणि त्या संध्याकाळपासून मोटारीला एक नवीनच रोग जडला. सामरवरणी आली की इंजिन तापायचं. इतकी खेडी मागे टाकून आलेली मोटर, पण पाणी लागायचं ते सामरवरणीलाच. भास्कर डबा घेऊन शाळेच्या विहिरीवर जायचा, पोहरा सोडायचा, हळूहळू ओढायचा. तेवढ्यात वर्गातून आवाज यायचा, “आलेच!”

लोकांना काय, डोळे असतात. आमच्या बाजारात एखादा माणूस सारखा पाणी पिताना दिसला की म्हणायचे, “काय रे, सामरवरणीची मोटर झालास का?” पण रागावलं कुणी नाही. आतल्या गावातली माणसं तर खिडकीतून माना काढून बघायची, बाई आली का. आली की त्यांनाच बरं वाटायचं. बाजाराला निघालेल्या वारली बाया तिच्यासाठी सरकून जागा करायच्या. ती पोरांना मांडीवर घ्यायची, कुणाच्या कोंबडीचं कौतुक करायची.

मोटर थांबवून घेतलेल्या त्या पाच-दहा मिनिटांतच त्या दोघांचं प्रेम झालं. त्यांना दुसरी जागा होतीच कुठे? आमच्या वेळी कुंदाच्या वयाच्या मुलीने परक्या माणसाशी रस्त्यात उभं राहून बोलणंसुद्धा धाडसाचं होतं. पण तिच्या मनात काही लपत नव्हतं. एका संध्याकाळी ती माझ्या चुलीपाशी बसून तांदूळ निवडत म्हणाली, “वहिनी, मला भास्कर आवडतो. मी त्याला सांगितलंसुद्धा.”

“तू सांगितलंस?”

“तो कधी सांगणार? त्याला सगळं वेळेवर करायचं असतं, आणि ही वेळ काही पत्रकात लिहिलेली नाही.”

तिचे वडील, अण्णा, केळव्याहून आले तेव्हा ओटीवर खूप आवाज झाला. खान्देशातला मुलगा, ना ओळख ना देख, मोटारीत शिट्ट्या मारणारा. मी मध्ये पडले. आमच्या ह्यांनी भास्करच्या घरची चौकशी करून आणली. भास्कर स्वतः आला, ओटीखाली उभा राहिला आणि म्हणाला, “अण्णा, मी गरीब आहे, पण तिला कधी वाट पाहायला लावणार नाही.” कुंदा आतून म्हणाली, “मी लावेन.” अण्णा हसले आणि तिथेच हरले. तुळशीचं लग्न लागलं की यांचंही लावायचं, असं ठरलं.

दसरा नुकताच झाला होता. शनिवार होता. सामरवरणीला कासारीण आली होती आणि कुंदाने हौसेने तिच्यापुढे हात धरला होता. लग्नाचा चुडा नव्हे, नुसत्या बघायला म्हणून हिरव्या चार बांगड्या. मोटर येऊन उभी राहिली. बांगड्या हाताच्या हाडावर अडकून बसल्या. साबण आणला. भास्करने पाणी भरलं, परत भरलं. अँतोनभाईने बिडी ओढून संपवली. कुंदा हात उंच करून बांगड्या वाजवत आली तेव्हा मोटारीतल्या बाया खुदुखुदु हसल्या आणि भास्कर वेळेचं सगळंच विसरून तिच्याकडे बघत राहिला. हे मला तिने त्याच संध्याकाळी सांगितलं, हात नाचवत. एवढा उशीर आजवर कधी झाला नव्हता, हेही तिनेच सांगितलं, हसत.

मागच्या बाकावर सुरंगीचा एक माणूस बसला होता, लहानू नावाचा. शेजारी बायको. मांडीवर लाल काठाच्या लुगड्यात गुंडाळलेली चार वर्षांची मुलगी. कुंदा नेमकी त्यांच्याजवळ बसली. मुलीचं पाऊल लुगड्याबाहेर आलं होतं ते तिच्या हाताला लागत होतं. गरम लागलं. तिला वाटलं, झोपलेल्या पोरांचं अंग असतंच गरम. तिने ते पाऊल हातात धरून ठेवलं, आणि भास्कर कुणाला तरी मोठ्याने पुढे सरकायला सांगत होता, त्याला म्हणाली, “हळू बोल. पोर झोपलंय.”

लहानू काही बोलला नाही.

दवाखान्याचे डॉक्टर शनिवारी संध्याकाळी जीपने आपल्या घरी वलसाडला जायचे. दोन दिवसांनी परत यायचे. सगळ्या गावाला हे माहीत होतं, आतल्या गावांनाही. संध्याकाळची मोटर रोजच्या वेळेला आली की डॉक्टर भेटायचेच. त्या शनिवारी मोटर सिल्वासाला पोचली तेव्हा डॉक्टर निघून गेले होते. लहानू बायको-पोरीला घेऊन उतरला आणि दवाखान्याकडे गेला. मोटर वापीला निघून गेली. कुंदा घरी आली आणि मला बांगड्या दाखवू लागली.

रविवारी सकाळी कंपाउंडर आमच्याकडे चहाला आले. ते आमच्याच गल्लीत राहायचे. कुंदा ओटीवर बसून केस विंचरत होती. कंपाउंडर बशीत चहा ओतत म्हणाले, “रात्री वाईट झालं हो. सुरंगीचं पोर गेलं. तापाने फणफणलं होतं. मी आपलं होतं ते दिलं, पण डॉक्टर निघून गेलेले. मोटर रोजच्या वेळेला आली असती तर गाठ पडली असती.” त्यांच्या मनात काहीही नव्हतं. त्यांनी आपली एक बातमी सांगितली.

कुंदाचा हात केसात तसाच थांबला. “कसल्या लुगड्यात होतं ते?” तिने विचारलं.

“लाल काठाच्या. का हो?”

ती उठली आणि आपल्या खोलीत गेली. मी मागे गेले तर ती मोरीत बसून हाताला साबण लावत होती. बांगड्या काढत होती. एक फुटली, हात कापला, तरी थांबली नाही. मी तिला जवळ घेतलं तेव्हा ती मला एकच गोष्ट सांगत होती, “माझ्या हातात होतं ते पाऊल, वहिनी. माझ्या हातात होतं.”

डॉक्टर परत आल्यावर आमच्या ह्यांनी मुद्दाम विचारलं. ते म्हणाले, “मी असतो तर? वाचली असती कदाचित. नसतीही. ताप डोक्यात गेला होता. आता कुणी सांगावं?” मला त्या माणसाचा राग आला. खोटं बोलला असता तर काय बिघडलं असतं? पण खरा माणूस होता, त्याला तरी काय करणार.

त्यानंतरची कुंदा मी वेगळीच पाहिली. ती मोटारीत बसायची बंद झाली. पहाटे उठून सामरवरणीला चालत जायची, संध्याकाळी चालत यायची. शाळा भरायच्या कितीतरी आधी पोचून कुलूप लागलेल्या दारापाशी बसून राहायची. मोरीतून आवाज येईनासा झाला. मी हाक मारायच्या आत ती समोर उभी असायची आणि मला, वेळेच्या कीर्तनकार बाईला, ते बघवत नव्हतं. “अगं, थोडा उशीर कर ग बाई कधीतरी,” असं माझ्या तोंडून एकदा निघून गेलं.

भास्करने दुसरंच केलं. त्याने मोटर कुणासाठीही थांबवायची बंद केली. म्हातारी धावत येवो, डोक्यावर भारा घेतलेली बाई येवो, वेळ झाली की शिट्टी. लोक शिव्या द्यायला लागले. दोघं एकाच रस्त्याने जायची-यायची, ती पायी आणि तो मोटारीत. मोटर जवळ आली की ती रस्त्याच्या खाली उतरून झाडाकडे तोंड करून उभी राहायची.

तो माझ्याकडे आला. ओटीखाली उभा राहिला, तिथेच, जिथे अण्णांपुढे उभा राहिला होता.

“वहिनी, तिला तुम्ही समजवा ना. मोटर मी थांबवली. शिट्टी माझ्या हातात होती. पाप लागलं तर मला लागेल, तिला काय म्हणून?”

आतून कुंदा बाहेर आली. कित्येक दिवसांनी ती त्याच्यासमोर उभी राहिली.

“कोणासाठी थांबवलीस?”

“ते सोड.”

“कोणासाठी, भास्कर?”

ओझं एकच आणि दोघंही म्हणत होती, माझ्या डोक्यावर दे. निम्मं-निम्मं करायला दोघांचीही तयारी नव्हती. मला वाटलं होतं, दुःख माणसांना जवळ आणतं. नेहमीच नाही आणत.

मग एका सकाळी लहानू आमच्या दारात आला. खांद्यावर घोंगडी, हातात पिवळं पडलेलं मोठं तवसं. कोकणात आम्ही मोठ्या काकडीला तवसं म्हणतो. हे त्याने परसातल्या वेलावरून काढून आणलं होतं. “मास्तरीण बाय इथं रेते ना?” त्याने विचारलं. कुंदा बाहेर आली. त्याने तवसं तिच्या पायाशी ठेवलं.

“बाय, त्या दिशी तू पोरीचा पाय धरलास. तुझा हात थंड होता. पोरीला बरं वाटलं. ती झोपली मग जराशी. तिच्या आयसनं सांगितलं, बायला काय तरी देऊन ये.”

एवढं सांगून तो गेला. तिने त्याला बसवलं नाही की पाणी विचारलं नाही, आणि मीसुद्धा नाही. ते तवसं तिथेच राहिलं. कापायचा कुणालाच धीर झाला नाही.

दोन-तीन दिवसांनी ती म्हणाली, “वहिनी, मी सुरंगीला जाणार आहे. त्याला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही. तो मला देव समजतोय.” मी म्हटलं, नको. त्या माणसाला आहे तेवढं समाधान असू दे. पण ती ऐकेना, आणि तिला एकटी कशी पाठवू? गेलो. तिच्या हट्टापायी चालत गेलो, माझे पाय आठवडाभर सुजले होते.

लहानूच्या झोपडीपुढचं अंगण सारवलेलं होतं. भाताचे भारे रचून ठेवलेले. बायकोने घोंगडी टाकली, गूळ आणि पाणी दिलं. कुंदाने गुळाला हात लावला नाही. तिने सगळं सांगितलं. बांगड्या, साबण, हसणं, काहीच ठेवलं नाही. “माझ्यामुळे मोटर उशिरा आली. माझ्यामुळे डॉक्टर गेले.” असं म्हणून ती खाली मान घालून बसली. मला वाटतं, त्याने मारावं अशीच तिची इच्छा होती.

लहानूने गूळ तिच्याकडे सरकवला.

“मोटर माझ्यासाठी पण थांबली होती, बाय,” तो म्हणाला. “आमी शेतातून धावत आलो, तवा ती निघाली होती. भास्करभावानं आमाला लांबून बघितलं न् थांबवली. नाय थांबवती तर आमी काय करणार होतो?”

“पण तुम्ही सांगितलं का नाही? सामरवरणीला नुसतं म्हणाला असतात, पोर आजारी आहे, तर—”

“मोटारीला घाई कर असं आमी कसं सांगावं, बाय? मोटर काय आमची हाय?”

त्याच्या बोलण्यात टोमणा नव्हता. त्याला खरंच तसं वाटत होतं. त्याची बायको इतका वेळ भाताच्या भाऱ्याला टेकून बसली होती. ती उठली, कुंदाजवळ आली आणि तिचे मोकळे हात आपल्या हातात घेऊन बघितले. “बांगड्या घाल, पोरी,” ती म्हणाली. “तुझं लगीन हाय ना?”

परत येताना मला वाटलं, सुटली. याहून मोठी माफी कुठल्या देवळात मिळणार? मी रस्ताभर बोलत होते, तुळशीचं लग्न टळलं तर टळलं, माघातला मुहूर्त बघू. कुंदा ऐकत होती. खडोली मागे पडल्यावर ती म्हणाली, “त्यांनी मला शिवी दिली असती ना वहिनी, तर मी उद्याच लग्न केलं असतं.”

मी तिच्यावर खूप चिडले. चांगल्या माणसांनी चांगुलपणा दाखवला तरी हिला पुरत नाही, मग हिला हवंय तरी काय, असं मी घरी आल्यावर ह्यांना म्हटलं. ते म्हणाले, “तिला हवंय ते कुणाकडेच नाही.”

माघ आला, गेला. अण्णा दोनदा येऊन गेले. दुसरं स्थळ बघू का, असंही विचारून पाहिलं. ती म्हणाली, “भास्कर सोडून मला कुणी नको.” मग भास्करशी कर. तर गप्प. एकदा मात्र माझ्या चुलीपाशी बसून ती सरळ बोलली. “मी त्याच्याबरोबर सुखात राहीन, वहिनी. मला माहीत आहे. सकाळी उठल्यापासून हसत राहीन. आणि ते पोर मग माझ्या लक्षातसुद्धा राहणार नाही.” तिला त्याचीच भीती वाटत होती. मी तिच्या डोक्यावरून हात फिरवला.

चैत्रात भास्करने नोकरी सोडली. धुळ्याकडे सरकारी मोटारीत त्याला जागा मिळत होती. निघायच्या आदल्या संध्याकाळी तो आला आणि मलाच सांगून गेला, तिला ऐकू जाईल असं. “वहिनी, मी सकाळच्या पहिल्या मोटारीने वापीला जाई राहिलो. तिने एक शब्द सांगितला ना, नको जाऊ म्हणून, तर ट्रंक खाली उतरवीन. तेवढा एक शब्द पुरे मला.”

सकाळी ती माझ्याबरोबर स्टँडवर आली. मी सांगितलं नव्हतं, तिची तीच आली. मला आत कुठेतरी खात्री वाटत होती. चांगली साडी नेसली होती, अबोलीचा गजरा माळला होता. भास्कर प्रवाशांसारखा खिडकीपाशी बसला होता. खाकी सदऱ्याऐवजी पांढरा सदरा, त्यामुळे तो कोणी वेगळाच वाटत होता. नवा कंडक्टर दारात उभा. त्या सकाळी वापीच्या फेरीलाही अँतोनभाईच स्टेअरिंगवर.

कुंदा खिडकीपाशी जाऊन उभी राहिली. भास्करने गजांवर हात ठेवला. तिने त्याच्या बोटांवर आपला हात ठेवला, भर स्टँडवर, सगळ्यांच्या देखत. कुणी हसलं नाही.

मोटारीची वेळ झाली. नव्या कंडक्टरने अँतोनभाईकडे बघितलं. अँतोनभाईने मान हलवली आणि इंजिन बंद करून टाकलं. “टेम छे,” तो म्हणाला. “बेसो सौ. बाईने बोलवा दो.” म्हणजे वेळ आहे, बसा सगळे, बाईला बोलू द्या. मोटारीत बाजाराची माणसं होती, एक म्हातारा होता, टोपल्या घेतलेल्या बाया होत्या. सगळे बसून राहिले. सगळ्यांनाच माहीत होतं, ती काय बोलायला आलीय. एक बाई दुसरीला म्हणाली, “थांबू दे ग. आपलं काय जातंय?”

कुंदाचे ओठ हलले. मी जवळच होते, मला दिसलं. तिला बोलायचं होतं. मी आजही शपथेवर सांगेन, ‘नको’ तिच्या जिभेवर आलं होतं. तेवढ्यात तिची नजर भास्करवरून मागे गेली, मोटारीत. एकेका बाकावर. कुणाच्या मांडीवर काय आहे, कुणाच्या पदराखाली काय आहे, असं ती बघत गेली, पार मागच्या बाकापर्यंत.

“अँतोनभाई,” ती म्हणाली, “मोटर काढा.”

“अरे बेन, टेम छे.”

“नका थांबू माझ्यासाठी. आत कोण कशाला निघालंय, आपल्याला काय माहीत?”

अँतोनभाई हलेना. नवा कंडक्टर तर पोरगेलासा, त्याने शिट्टी तोंडातून काढून खिशात टाकली. कुंदाने भास्करच्या बोटांवरचा हात उचलला. दारापाशी गेली, पायरीवर एक पाय ठेवून आत वाकली आणि वरची घंटीची दोरी तिने स्वतः ओढली. दोनदा.

मोटर निघाली. भास्करने डोकं बाहेर काढलं नाही. त्याचा पांढरा सदरा खिडकीत दिसत होता तोवर ती बघत राहिली. मग माझा हात घट्ट धरून ती म्हणाली, “वहिनी, वेळेवर गेली ना?”

मी हो म्हटलं.